केमनमधली उपकंपनी आणि पगारावरचा कर: केबीआरने सरकारला खरंच फसवलं का?

शंतनू: इराकमधल्या अमेरिकी तळांना जेवणखाण, इंधन पुरवणाऱ्या केबीआर या अमेरिकी ठेकेदार कंपनीने तिथले सुमारे १०,५०० अमेरिकी कामगार केमन बेटांवरच्या दोन उपकंपन्यांच्या पटावर दाखवले होते. 'बोस्टन ग्लोब'ने मार्च २००८ मध्ये ते उघड केलं. परदेशात काम करणाऱ्या अमेरिकी नागरिकाच्या पगारावर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शनसाठीचा कर, ६.२ टक्के) आणि मेडिकेअर (म्हातारपणीच्या आरोग्यविम्यासाठीचा कर, १.४५ टक्के) लागतं ते मालक 'अमेरिकी' असेल तरच. केमनची कंपनी त्यात बसत नव्हती, म्हणून मालक-कामगार दोघांचे वाटे सुटले, मिळून १५.३ टक्के. पण कंत्राट 'खर्च अधिक शुल्क' पद्धतीचं होतं, म्हणजे झालेला खर्च सरकार भरून देणार आणि वर शुल्क. मालकाने वाटा भरला असता तर तो पेंटॅगॉनच्याच बिलात लागला असता. मग फसवलं कुणाला?

मृणाल: सोशल सिक्युरिटी फंडाला! पेंटॅगॉनचे पैसे वाचले, फंडाचे बुडाले. ही दोन खाती एक नव्हेत. शिवाय कामगाराचा ७.६५ टक्के वाटा बिलात येतच नाही, तोही गेला. पेन्शनला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे कर भरलेल्या कमाईवर मिळणारे गुण, वर्षाला जास्तीत जास्त चार. इराकमधल्या तीन वर्षांचे बारा गेले. अपंगत्वाच्या लाभाला तर साधारणपणे शेवटच्या दहा वर्षांतले २० लागतात, म्हणजे तिथून जायबंदी होऊन आलेल्याचीच पंचाईत. बेरोजगार भत्ताही नाकारला जायचा.

शंतनू: हातात पगार जास्त पडला, ते धरणार नाही?

मृणाल: पडला, पण निवड कामगाराची नव्हती. मूळ कंपनीला फॉर्म २०३२ भरून परदेशी उपकंपनीतल्या अमेरिकींना सोशल सिक्युरिटीत आणता येतं. त्यासाठी उपकंपनीत तिचा १० टक्के हिस्सा पुरतो. वाट कायद्यातच होती.

ओंकार: परदेशातली कमाई तशीही करमुक्त असते ना?

मृणाल: ती सूट प्राप्तिकरापुरती, २००८ साली ८७,६०० डॉलरपर्यंत. सोशल सिक्युरिटीशी तिचा संबंध नाही.

सदानंद: निविदेचं कुणी बोलतच नाही. एक लाख डॉलर पगारामागे सरळ मार्गाने चालणाऱ्या ठेकेदाराला ७,६५० डॉलर जास्त खर्च दाखवावा लागतो. 'खर्च अधिक शुल्क' असलं तरी अंदाजित खर्चाची तुलना होतेच. जून २००८ च्या हार्ट कायद्याने हे थांबवलं: ५० टक्क्यांहून जास्त मालकी अमेरिकी गटाकडे असेल, तर परदेशी उपकंपनी सरकारी कंत्राटाच्या कामापुरती अमेरिकी मालक ठरते, आणि तिने कर थकवला तर गटाच्या मूळ कंपनीकडून वसूल करता येतो. हे ऑगस्ट २००८ पासूनच्या कामाला लागू झालं. बेरोजगार भत्त्यामागच्या कराच्या कलमाला मात्र कुणी हात लावला नाही, आणि ते भोक मला जास्त खटकतं. त्याच तळांवर राबणाऱ्या भारतीय, फिलिपिनो कामगारांना यातलं काहीच लागू नाही. ते ना अमेरिकेचे नागरिक, ना अमेरिकेचे रहिवासी.

शंतनू: म्हणजे कायद्यानंतर मालकाचा वाटा पेंटॅगॉनच्या बिलातच चढला. मी वेगळं काय म्हणत होतो?

मृणाल: चढू दे. कामगाराच्या नावावर क्रेडिट तरी जमा होतात.