फॅदम म्हणजे आधी मिठी

'आय कान्ट फॅदम इट' म्हणजे मला काही उमगत नाही, एवढं माहितीये. पण डिक्शनरीत याच शब्दाचा जुना अर्थ मिठी मारणे असा दिलाय, आणि समुद्राची खोली मोजायचं मापही फॅदमच. हे तिन्ही एकाच शब्दाचे अर्थ कसे काय? कोणी नीट सांगेल का?

—

हो, एकाच शब्दाचे. मूळ जुन्या इंग्रजीत याचा अर्थ पसरलेले दोन्ही हात, त्यावरून कुशी, मिठी. आता हात आडवे ताणले की या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण आपल्या उंचीएवढं अंतर होतं, म्हणून तेच माप झालं आणि पुढे 6 फूट असं पक्कं ठरलं, म्हणजे जवळजवळ 1.83 मीटर. खलाशी दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडायचे, किती दोरी गेली ते फॅदममध्ये सांगायचे, म्हणून मग खोली मोजणे म्हणजेच फॅदम करणे, आणि सतराव्या शतकापर्यंत पाण्याचा तळ सोडून एखाद्या गोष्टीच्या तळाशी जाणे, ती समजणे हा अर्थही आला. मिठीचा अर्थ इंग्रजीत मागे पडला पण स्वीडिशमध्ये 'फाम्न' म्हणजे आजही कुशी, आणि जुनं मापही तेच!

अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांचं नावसुद्धा यातलंच बरं का. मिसिसिपीवरच्या बोटींवर 'मार्क ट्वेन' अशी आरोळी द्यायचे म्हणजे 2 फॅदम, 12 फूट पाणी आहे, बोट जाईल. त्यांचं खरं नाव सॅम्युअल क्लेमेन्स, ते स्वतः त्या नदीवर बोटीचे पायलट होते, तिथून हे टोपणनाव.

—

फार सुंदर माहिती दिलीत. आपल्याकडे हुबेहूब हेच माप आहे की, 'वाव'! दोन्ही हात पसरून जेवढं होतं तेवढं, संस्कृत 'व्याम' वरून आलेलं ('वाव मिळणे' मधला वाव इथे घेत नाहीये). कोकणात दर्यावर जाणारी माणसं पाणी किती वाव आहे असंच बोलतात. आणि मिठीकडून मापाकडे जाणारा शब्द हवा असेल तर 'कव' बघा, कवळणे म्हणजे मिठीत घेणे आणि कवळा म्हणजे कवेत मावेल एवढा गवताचा भारा.

—

अरे वा, कवळा आमच्या गावी रोज ऐकलाय, जोडलं नव्हतं कधी. मग 'कान्ट फॅदम' ला मराठीत काय म्हणाल? समजत नाही हे फारच सपाट वाटतं.

—

'थांग लागत नाही' म्हणा. पाण्याचाही लागत नाही, माणसाच्या मनाचाही लागत नाही, दोन्हीकडे चालतं.