विकलेल्या घराच्या दारात आईला न्यावं का? (रेवदंडा, ४८ वर्षांनी)

रेवदंड्याची लेक (अश्दोद, इस्राएल)

नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. माझा जन्म रेवदंड्याचा, दहावी अलिबागची. १९७८ साली, मी सतरा वर्षांची असताना, आमचं अख्खं बिऱ्हाड इकडे आलं. सकाळच्या एसटीनं रेवस, तिथून लाँचनं भाऊचा धक्का आणि दोन दिवसांनी विमान. लाँच सुटताना आई धक्क्याकडे पाठ करून बसली होती, एवढं मला लख्ख आठवतं.

आई आता ८६ वर्षांची आहे. यंदा घरातच पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन चालते. दवाखान्यातून घरी आणली त्या संध्याकाळी म्हणाली, "मला एकदा रेवदंडा दाखव." इतक्या वर्षांत हे तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. १९९२ मध्ये भारत-इस्राएल संबंध पूर्ण जुळले, त्यानंतर आमच्या ओळखीतली कितीतरी माणसं गावी जाऊन आली. मीही मुंबईपर्यंत येऊन गेले. आई मात्र दर वेळी नको म्हणायची.

आता जानेवारीत आम्ही अकराजण येतोय. आई, मी, नवरा, दोन मुलगे, सून, लेक, जावई आणि तीन नातवंडं. तु बिश्वात या आमच्या झाडांच्या सणाच्या सुमारास, म्हणजे आमच्याकडे ज्याला एलियाहू हन्नाबीचा (प्रेषित एलियाचा) उरूस म्हणतात, तेव्हा. अलिबागजवळच्या खंडाळ्याशेजारी सागावला हन्नाबीच्या घोड्याच्या टापा आहेत असं आम्ही मानतो. तिथं मालिदा (गोड पोह्यांचा नैवेद्य) करायचा, रेवदंड्याच्या कबरस्तानात आजोबांची कबर शोधायची, अलिबागच्या इस्राएल आळीतलं सिनेगॉग नातवंडांना दाखवायचं, हे ठरलंय. नातवंडांना मराठी येत नाही. धाकटीला फक्त "बिरडं" हा शब्द येतो, कारण आई अजून फडक्यात वाल बांधून मोड काढते आणि सोलायला तिला शेजारी बसवते.

खरा प्रश्न घराचा आहे. बाबांनी घर आणि वाडी निघतानाच विकली, रीतसर, ठरल्या पैशात. कोणावर काही राग नाही. पण आई त्या घरात विसाव्या वर्षी लग्न होऊन आली, तिची तीन मुलं तिथं झाली. मागं परस, विहीर, आणि परसात पणजोबांच्या तेलाच्या घाण्याचं दगडी उखळ पडलेलं असायचं. पावसाळ्यात त्यात पाणी साठलं की आम्ही त्यात कागदाच्या होड्या सोडायचो. गावात आम्हाला "शनवार तेली" म्हणायचे ते त्या घाण्यामुळेच. शनिवारी घाणा बंद.

दुसऱ्याच्या घराच्या दारात असं अकराजणांनी जाऊन उभं राहणं बरं दिसतं का? त्यांना वाटेल, हे काही मागायला आलेत. आणि घर पाडलेलं असलं तर आईचं काय होईल? कोणी आपल्या माणसांना असं नेलं असेल तर सांगा.

चौलचा वाडीवाला

ताई, आधी दाराचं सांगतो. आमचं चौलचं घर माझ्या आजोबांनी १९६९ साली एका इस्राएल कुटुंबाकडून घेतलं. पुढच्या दाराच्या उजव्या चौकटीला दोन खिळ्यांची भोकं आहेत, एकाखाली एक, मध्ये चार बोटांचं अंतर. तीन वेळा रंग झाला. दर वेळी रंगारी लांबी भरायला घ्यायचा आणि आजोबा म्हणायचे, ती राहू दे, त्यांच्या देवाची जागा आहे. आजोबा गेल्यावर बाबांनीही तसंच ठेवलं. ते कुटुंब कधी आलं नाही. उद्या आलं तर आई आधी चहा टाकेल, मग विचारेल कोण, कुठले. बिनधास्त जा. फक्त अकराजण एकदम आत शिरू नका. एकानं पुढं जाऊन नाव सांगावं, आडनावासकट. इकडची म्हातारी माणसं आडनावावरून लगेच घर ओळखतात.

आता रस्त्याचं. आजींना घेऊन घाटाबिटाच्या भानगडीत पडू नका. भाऊच्या धक्क्यावरूनच आता रो-रो बोट सुटते, २०२० पासून चालू आहे, गाडीसकट मांडव्याला तासाभरात उतरवते. वॉकरवाल्या माणसाला गाडीतून उतरून वर बसायची सोय आहे. अटल सेतूनंही येता येईल, पण पुढं वडखळकडून अलिबागपर्यंत गर्दीत अडकलात तर आजींची कंबर मोडेल. आणि शनिवार-रविवारी अलिबाग ते रेवदंडा रस्त्यावर येऊच नका. नागावच्या अलीकडे-पलीकडे पर्यटकांच्या गाड्या नुसत्या उभ्या असतात. सोमवार ते गुरुवार या.

सागावला पायाखाली कातळ आहे. वॉकर चालणार नाही. प्लास्टिकची हात असलेली खुर्ची बरोबर घ्या, दोघांनी धरून न्यावं लागेल.

जानेवारी म्हणजे वालाच्या शेंगांचे दिवस. आमच्या वाडीत पोपटी लावतो, म्हणजे मडक्यात शेंगा भाजतो. भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, कांदे-बटाटे, अंडी. कोंबडी तुम्हाला कापण्याच्या पद्धतीमुळे चालणार नाही हे मला माहीत आहे, घालणार नाही. मडकंही नवं आणतो. एक संध्याकाळ आमच्याकडे काढा.

देवरूखकर (टोरांटो)

मी दुसरी बाजू सांगतो, कारण माझ्या हातून हे चुकलं आहे. २०१६ साली बाबांना देवरूखला नेलं. त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून आधी काही चौकशी केली नाही. गाडी वळली आणि आमच्या घराच्या जागी तीन मजली इमारत, खाली मोबाइलचं दुकान. बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. परतीच्या प्रवासात आणि पुढं कितीतरी दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. फोटो काढायला घेतला होता तो मोबाइल मी खिशात ठेवून दिला.

तेव्हा ताई, तुम्ही आणि एक मुलगा आधी जाऊन या. आईला त्या दिवशी अलिबागलाच ठेवा. जे काही असेल ते स्वतः पाहा, तिथल्या माणसांशी बोला आणि मग आईला खरं ते सांगा. पाडलं असलं तरी सांगा. माणूस तयारीनं गेला की सोसतो, मला हे फार उशिरा कळलं.

आणि एक विचारू? आईला नक्की घर बघायचंय का? त्या "रेवदंडा" म्हणाल्या, "घर" म्हणाल्या नाहीत. आधी त्यांनाच विचारा.

ठाण्याचा बेने

शालोम बहीण. मी ठाण्याला, आमचं सिनेगॉग शार हाशमायिम १८७९ चं. काही गोष्टी पटापट सांगतो.

शुक्रवारी दुपारच्या आत ठाण्यात या आणि शब्बाथ (शनिवारचा विसावा) इथं करा. तुम्ही मुंबईकडे येत असता तेव्हा मुंबईकर अलिबागकडे सुटलेले असतात, म्हणजे रस्ता तुम्हाला मोकळा. अलिबागला आता आपली घरं बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत, तिथल्या सिनेगॉगला (१८४८ चं) जायच्या आधी फोन करूनच जा.

मुंबईत एक सकाळ मिळाली तर मांडवीला जुनी मशीद, म्हणजे आपलं शार हारहमीम सिनेगॉग, मुलांना दाखवा. १७९६ ची, आपली पहिली. शेजारच्या स्टेशनचं मशीद बंदर हे नाव तिच्यावरून पडलंय, हे मुलांना सांगितलं की लक्षात राहतं. नवगावलाही थांबा. आपल्या पूर्वजांच्या फुटलेल्या गलबतातून सात जोडपी वाचली आणि बाकीच्यांना तिथं पुरलं, ही गोष्ट घरी ऐकणं वेगळं आणि त्या जागी उभं राहून ऐकणं वेगळं.

जेवणाचं: पापलेट, सुरमई, बांगडा, आपल्याला चालणारा खवल्यांचा मासा कुठंही मिळेल. कोलंबीच्याच तव्यावर तळू नका म्हणून आधी सांगायचं. गोडाचं काही नारळाच्या दुधातलं हवं असेल तर माझी बायको गव्हाच्या चिकाचा हलवा करून देईल. त्यात जनावराचं दूध नाही, म्हणून मटणाच्या जेवणावरही चालतो.

आता कबरीचं. कबर सापडली तर कद्दीश, गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणणार ना? त्याला दहा पुरुष लागतात. तुमच्यात मोठे किती?

रेवदंड्याची लेक (अश्दोद, इस्राएल)

पाच. नवरा, दोन मुलगे, जावई आणि मोठा नातू, तो चौदा वर्षांचा आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ठाण्याचा बेने

मग पाच आम्ही ठाण्याहून येतो. वार सोमवारच्या पुढचा ठेवा, दोघांना सुट्टी टाकावी लागेल. दगडावर वर हिब्रू आणि खाली मराठी असं दोन्ही असेल. हिब्रू बरंचसं झिजलेलं असतं, मराठी पटकन लागतं. ब्रश, पाण्याची बाटली आणि पीठ घेऊन येतो. ओल्या अक्षरांवर पीठ चोळलं की नाव वर येतं. आजोबांचं साल कोणतं?

रेवदंड्याची लेक (अश्दोद, इस्राएल)

१९६६. पावसाळ्यात गेले. आई म्हणते कबरस्तानात शिरल्यावर डाव्या हाताला, भिंतीच्या बाजूला, पण ती भिंत तरी असेल का कोण जाणे. तुम्ही पाचजण येताय हे तिला सांगितलं तर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्यांच्यासाठी मालिद्याचे पोहे जास्तीचे भिजवायला लागतील.

देवरूखकर, तुमचं ऐकून काल रात्री तिला विचारलं. आई, तुला घर बघायचंय का? म्हणाली, "घर कशाला? घरात आता त्यांचा संसार आहे. मला विहीर बघायची आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातात कळशी दिली ती त्या विहिरीवर. आणि उखळ असलं तर उखळ." पाडलं असेल तर, असं मी म्हटलं, तेव्हा म्हणाली, "विहीर कोण पाडतो?" तुम्ही सांगितलंत तसंच करणार आहे. आधी मी आणि थोरला जाऊन येऊ.

वाडीवाले, तुमचं पहिलं उत्तर मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. खिळ्यांच्या भोकांशी आल्यावर तिनं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. आम्ही निघालो त्या सकाळी मेझुझा, म्हणजे दाराच्या चौकटीला ठोकतात ती पवित्र वचनांची डबी, तिनं स्वतःच्या हातानं काढून पदरात बांधली होती. तीच आता इथल्या दाराला आहे. पितळेची, वरच्या टोकाला थोडी चेपलेली. ते टोक उचकटताना चेपलं हे मला काल पहिल्यांदा कळलं. वाचून झाल्यावर ती वॉकर घेऊन दारापर्यंत गेली आणि दोन खिळ्यांच्या मध्ये बोटं लावून मोजलं. तीन बोटं. "चौलचं वेगळ्या कुणाचं," म्हणाली, "आमची लहान होती. पण त्या वाडीवाल्याच्या आईला सांग, भोकं ठेवलीत, फार चांगलं केलंत."

पोपटीला नक्की येतो. मंगळवार चालेल का?