मदत हवी आहे: अपघात नोंदवहीतली वर्णनं कशी वर्गीकृत करावीत?

नमस्कार मंडळी. मी एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून भाग बनवतात तिथे, सेफ्टी ऑफिसर आहे. जुन्या नोंदवहीतली अपघातांची वर्णनं टाइप करून काढतोय. बहुतेक ठिकाणी एवढंच आहे: "काम करताना बोट सापडले. निष्काळजीपणा." पण रात्रपाळीच्या एका सुपरवायझरने लिहिलंय, "जॉब डायला चिकटला, चिमटा मिळेना म्हणून हाताने काढायला गेला, पाय पेडलवरच होता." (जॉब म्हणजे घडवायचा तुकडा, डाय म्हणजे साचा, आणि पेडल दाबलं की प्रेस चालते.) अपघात कसा टळला असता, हे या ओळीतच दिसतं. आयसीडी-१० या आजार-इजांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मात्र दोन्ही नोंदी डब्ल्यू३१ या एकाच कोडमध्ये, यंत्रामुळे इजा म्हणून जातात. चिमटा गेला, पेडलही गेलं! अमेरिकेच्या नाइस (NEISS) या रुग्णालयांतल्या इजांच्या नोंदपद्धतीत कोडसोबत छोटं वर्णनही ठेवतात, ते यासाठीच.

हॅडनचा तक्ता अपघाताचे टप्पे पाडून कारणं मांडतो; त्याप्रमाणे मी आधी, त्या क्षणी आणि नंतर असे रकाने पाडलेत. पण तीच नोंद मी एका रकान्यात टाकतो, सहकारी दुसऱ्या. आधी लेखी नियम ठरवून मग दोघांनी स्वतंत्रपणे कोडिंग करून 'कापा' (kappa), म्हणजे दोघांचं कोडिंग किती जुळतं याचा आकडा, काढायचा, की थोड्या नोंदी एकत्र बसून कराव्यात? आणि "निष्काळजीपणा" हा शब्द कारण म्हणून धरावा का? मला तो लिहिणाऱ्याचा निवाडा वाटतो. मराठी वर्णनांवर कोणी असं काम केलंय का? कृपया सांगा, बोटं गमावलेली माणसं रोज समोर दिसतात.