वनस्पती-बागेला हातभार: नागपूरकरांनो, आपले अनुभव लिहा

महाराजबाग म्हटलं की आपल्याला प्राणिसंग्रहालयाचे पिंजरे आठवतात. ती बाग कृषी महाविद्यालयाच्या ताब्यात आहे, आणि हे महाविद्यालय १९०६ चं, हे कोणाच्या फारसं ध्यानात नसतं. पुण्यात एम्प्रेस गार्डन ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ही संस्था चालवते. म्हणजे बाग सांभाळायला सरकारच लागतं असं नाही. नागपुरात किंवा आसपास कुठल्याही सार्वजनिक बागेची वर्गणी भरली असेल, श्रमदान केलं असेल, बिया-रोपं दिली असतील, तर इथे लिहा. जुलैतल्या वृक्षारोपणाचे फोटो कृपया नकोत, ते आपल्या सगळ्यांकडे आहेत.

प्रतापनगरचे काका

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, गुलाबाची छाटणी करायला मिळेल. हातात आलं गाजरगवत. आता त्यातच रस वाटतो. हे उपटायचं ते फुलोरा यायच्या आत, मुळासकट आणि हातमोजे घालून, कारण काहींच्या कातडीवर त्याने चांगलेच चट्टे उठतात. पावसाने जमीन ओली असली की अलगद निघतं. ऑक्टोबरात नुसता शेंडा हातात येतो आणि बुडातून पुन्हा फुटतं. एकेका झाडाला हजारो बिया. आमच्या माळीदादांचा नियम आहे: "साहेब, फुलावर आलेलं उघडं नेऊ नका, जागीच पोत्यात घाला."

त्यांनीच भुंगेराही दाखवला. पांढुरक्या पाठीवर काळ्या वळणदार रेघा, पानाच्या खालून कुरतडत बसलेला. मेक्सिकोतून मुद्दाम आणलेला आहे म्हणे, गाजरगवत खायलाच. आमच्यातले एक उत्साही गृहस्थ त्याच्यावर फवारा घेऊन निघाले होते! वेळीच आवरलं.

कहूच्या_सावलीत

मी बॉटनीची विद्यार्थिनी, एमएस्सी. माझ्याकडे पाट्यांचं काम आहे. पाटी झाडाला घट्ट ठोकायची नसते. खोड दरवर्षी जाड होतं आणि पाटी सालीत गडप होते. लांब खिळा, मध्ये स्प्रिंग, म्हणजे खोड वाढेल तशी पाटी पुढे सरकते. अर्ध्या गिळलेल्या पाट्या सोडवायला पक्कड आणि संयम दोन्ही लागतात.

एका मोठ्या झाडावर 'ऐन' अशी पाटी कित्येक वर्षं होती. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. या झाडाची साल गुळगुळीत, फिकट, पातळ पापुद्रे सुटणारी. फळाला पाच पंख. पण ते ऐनालाही असतात, त्यामुळे नुसत्या फळावर जाऊन चालत नाही. फांदी दाबून, वाळवून सरांना दाखवली, मग नवीन पाटी लागली: अर्जुन, म्हणजे आपला कहू. शाळेच्या सहली तीच पाटी वहीत उतरवून घेतात, म्हणून एवढा खटाटोप.

खामल्याचा_बंड्या

झाडं लावाले शंभर हात येतात, मे महिन्यात पाणी टाकाले पाहा कोण येते. पारा ४५ च्या वर जाते इथं. आम्ही चार-पाच जण सकाळी साडेपाचले पाइप घेऊन उभे राहतो. आळं करून त्याच्यात वाळला पाला टाकला तर पाणी टिकून राहते. आमच्या बागेत आधी पाला जाळत होते, तो बंद करवला. भांडून. बस, इतकंच.

खजिनदारीण

वर्गणी जमवते मी, म्हणून बाकीच्यांपेक्षा कडू लिहीन. देणगीदाराला नवीन काहीतरी हवं असतं: कारंजं, कमान, नावाचा बाक. फुटलेला पाइप बदलायला कोणी देणगी देत नाही. आमच्या सभासदांच्या पैशातून नेमकं तेच होतं. पाइप, विळे, रोपवाटिकेवरची हिरवी जाळी, उन्हाळ्यात जादा माणसाची मजुरी. सभासद होताना पहिला प्रश्न हमखास येतो, "मॅडम, पार्किंग फ्री राहील ना?" आमच्याकडे ते नाही. दर महिन्याला खर्चाचा कागद फाटकावर लावतो, त्याने मात्र वर्गणी वाढली.

मोहफूल

आम्ही शिक्षक मंडळी बिया गोळा करतो. मोहाचं बी साठवून चालत नाही, पडलं की थोड्याच दिवसांत पेरायचं, नाहीतर उगवत नाही. बहाव्याचं उलट. कवच इतकं टणक की दगडावर घासल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. मुलांना घासायचं काम फार आवडतं. बिब्याला हात लावू देत नाही, तेल अंगावर उततं.

स्पष्टच_बोलतो

थोडं विरोधात. मी श्रमदान सोडलं. माळ्याच्या जागा रिकाम्या राहतात आणि वरून सांगतात, "रविवारी लोक येतातच की." कोलकात्याजवळची हावड्याची वनस्पती-बाग १७८७ पासून उभी आहे ती पगारी माळ्यांवर आणि वनस्पतितज्ज्ञांवर, रविवारच्या हौशीवर नाही. मी आता फक्त वर्गणी भरतो, आणि जागा भरा म्हणून अर्ज करतो.

खजिनदारीण

दादा, मुद्दा पटतो. म्हणूनच आमच्याकडे छाटणी आणि कलमं माळीच करतात, आम्ही हाताखाली. अर्जाचा मसुदा इथे टाका ना, आम्हीपण सह्या गोळा करतो.

नवीन_सदस्य

माझी मुलगी सहावीत आहे. तिला आणलं तर चालेल का?

प्रतापनगरचे काका

आणा की. साडेसहापर्यंत या, नऊनंतर ऊन चढतं. पूर्ण बाह्यांचा सदरा, दुपट्टा, पाण्याची बाटली. हातमोजे तिच्या मापाचे आणा, आमच्याकडचे सगळे मोठे आहेत.