सर्जरीच्या रेसिडेन्टचे तास मोजायचे की हात?

कुडाळचा सर्जन
मे महिन्यात आंब्याच्या कलमावरून पडलेला एक माणूस रात्री अकराला आमच्याकडे आला. प्लीहा फाटलेली, पोटात रक्त. माझ्यासोबत सर्जरीचा दुसऱ्या वर्षाचा रेसिडेन्ट, म्हणजे एम.एस. शिकत असतानाच वॉर्डात काम करणारा डॉक्टर मुलगा होता. जिल्हा रेसिडेन्सीवर, म्हणजे कॉलेजबाहेर जिल्ह्यातल्या रुग्णालयात काम करायला, तीन महिन्यांसाठी आलेला. आदल्या सकाळपासून तो जागाच आहे, हे मला ऑपरेशन संपल्यावर कळलं. पोट त्याने बंद केलं आणि सुरेख केलं. मग बाहेर बसून नोंद लिहिताना ड्रेन (पोटात साचणारं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) उजवीकडे ठेवल्याचं लिहिलं. ड्रेन डावीकडे होता. सिस्टरने पकडलं, म्हणून निभावलं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. केंद्र सरकारच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत स्पष्ट लिहिलंय: सलग 12 तासांपेक्षा जास्त काम साधारणपणे नको, आठवड्याला 48 तास. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत 'वाजवी तास' आणि आठवड्याची एक सुट्टी एवढंच आहे, आकडा नाही. 2024 मध्ये आयोगाच्याच कृती दलाने आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त नको, अशी शिफारस केली. म्हणजे बत्तीस वर्षांत कागदावरचा आकडासुद्धा 26 तासांनी वर गेला, आणि वॉर्डात तोही पाळला जात नाही.

पण माझं मत एवढ्यावर थांबत नाही. नुसते तास कमी केले तर मुलगा झोपेल, ते हवंच. शिकेलच असं नाही. त्याचे हात कोण बघतंय? टोरांटोच्या सर्जन मंडळींनी 1997 मध्ये ओसॅट्स ही पद्धत मांडली. वेगवेगळ्या टेबलांवर ठरलेली कामं करायला लावायची, आणि ऊतींना हात किती हलका लागतो, हालचाल वाया किती जाते, पुढची पायरी माहीत आहे का, याला समोर बसून गुण द्यायचे. आपल्याकडे काय? मी स्वतः एम.एस.च्या परीक्षेआधी लॉगबुकवरच्या, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीतल्या, वरिष्ठांच्या सगळ्या सह्या एका संध्याकाळी घेतल्या आहेत. तीन वर्षांत माझ्या हाताबद्दल कुणी एक ओळ लिहिली नव्हती. तास आणि हात, दोन्ही मोजा, असं माझं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं?

रत्नागिरीकर काका
डॉक्टर, मी तुमच्या आधीच्या पिढीचा. तासांबद्दल तुमच्याशी अजिबात सहमत नाही. सर्जरी पुस्तकातून येत नाही. रात्री तीनला आतडं पिळलेला पेशंट येतो, तो तुमची ड्युटी संपली का हे विचारत नाही. आम्ही छत्तीस-छत्तीस तास उभे राहिलो, म्हणून आज तालुक्याच्या गावी एकटे पोट उघडू शकतो.

आणि हे नुसतं आमचं जुन्यांचं रडगाणं नाही. अमेरिकेत फर्स्ट नावाची मोठी चाचणी झाली, 2016 साली छापून आली. जनरल सर्जरीचे 117 प्रशिक्षण कार्यक्रम, 1,38,691 रुग्ण. निम्म्यांना कडक वेळापत्रक, निम्म्यांना सवलत: ड्युटी किती लांबवायची ते तुम्ही ठरवा. मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत एकीकडे 9.1 टक्के, दुसरीकडे 9.0. फरक नाही. उलट सवलतीच्या गटात ऑपरेशन अर्धवट सोडून जायची वेळ कमी आली. त्यानंतर 2017 मध्ये त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांवरची 16 तासांची मर्यादा काढून टाकली. मग आपण उलट्या दिशेने का जायचं?

कुडाळचा सर्जन
काका, चाचणी बरोबर सांगितलीत, पण तिच्यातली एक गोष्ट राहिली. सवलत मिळालेल्या गटालासुद्धा आठवड्याची सरासरी 80 तासांची मर्यादा होतीच. सात दिवसांत एक दिवस सुट्टी होती, आणि तीन रात्रींत एकापेक्षा जास्त कॉल, म्हणजे रात्रीची ड्युटी, नव्हता. म्हणजे 80 तासांच्या आत पाळी कशी मांडायची, एवढंच त्यांनी तपासलं. आपल्याकडचे आठवड्याचे शंभर तास त्या चाचणीत कुठल्याच गटात बसत नाहीत. तिचा आधार घेऊन आपल्या ड्युट्यांचं समर्थन होत नाही.

बॉस्टनचा 2004 चा अभ्यास उलट बाजूचा आहे. अतिदक्षता विभागातले इंटर्न (तिकडे पहिल्या वर्षाच्या रेसिडेन्टला म्हणतात) लांब ड्युट्यांच्या वेळापत्रकात सुमारे 36 टक्के जास्त गंभीर चुका करत होते. ते मेडिसिनचे होते, सर्जरीचे नव्हते, हे मान्य. पण माझ्याकडच्या त्या मुलाने नोंदीत ड्रेन डाव्याचा उजवा लिहिला तो हात चुकल्यामुळे नव्हे. त्याचे डोळे मिटत होते, म्हणून.

दोडामार्गवालो
डॉक्टरांनु, तुमचा सगळा वाचलंय. आमच्याकडे रात्री पोटात दुखूक लागला तर गाडी करून गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात जावचा लागता. आमका डॉक्टर होयो. थकलेलो चलात, पण होयो.

राग मानू नका. आता सिंधुदुर्गात, रत्नागिरीत, अलिबागेत सरकारी मेडिकल कॉलेजं झाली, त्यामुळे आशा वाटते. आणि तुम्ही म्हणता मुलांचे तास कमी करा. कमी केलेले तास कोण भरणार? गेल्या पावसात माझ्या मावशीला दोन रुग्णालयांनी 'सर्जन नाही' म्हणून पुढे पाठवलं. तिसऱ्या ठिकाणी एका तरुण मुलाने हात लावला आणि ती बरी झाली. तो किती तास जागा होता, आम्ही विचारलं नाही. आजही मला विचारावंसं वाटत नाही.

जेआर टू, सध्या किनाऱ्यावर
दादा, मावशी बऱ्या झाल्या हे वाचून बरं वाटलं. पण माझी बाजूही ऐका. मी जेआर टू, म्हणजे सर्जरीचा दुसऱ्या वर्षाचा रेसिडेन्ट, सध्या जिल्हा रेसिडेन्सीवर आहे. माझं मूळ कॉलेज मोठ्या शहरात आहे, नाव सांगत नाही.

तिथे असताना एका आठवड्यात मी खिशातल्या डायरीत तास लिहून ठेवले. एकूण 104 भरले. त्यात ओटीत (ऑपरेशन थिएटरात) उभा होतो 11 तास, आणि त्यातले बहुतेक रिट्रॅक्टर, म्हणजे चीर उघडी ठेवायचं हत्यार, धरून. मी स्वतः केलेली केस एकच, गळवाला चीर. बाकीचे तास रक्ताच्या बाटल्या घेऊन लॅबमध्ये पळणं, रिपोर्ट आणणं, योजनेचे फॉर्म भरणं, सीटी स्कॅनपर्यंत ट्रॉली ढकलणं. काका म्हणतात जास्त तास म्हणजे जास्त शिक्षण. मला ते खोटं वाटतं असं नाही, मला ते मिळालंच नाही. तीन वॉर्डबॉय आणि एक क्लार्क दिलात तर माझे चाळीस तास सुटतील आणि एकही ऑपरेशन कमी होणार नाही.

इथे कोकणात आल्यावर दोन महिन्यांत मी सर समोर असताना सात हर्निया केले. तास जवळपास निम्मे.

रत्नागिरीकर काका
बाळा, वॉर्डबॉयचं काम तुझ्याकडून करून घेतलं जातं हे चूकच आहे. ते मी शिक्षणात धरत नाही. पण थोडं ओरडून घेणं, थोडं खाली मान घालून ऐकणं, हे सर्जनला लागतं. आमचे सर ओटीत हातावर फोर्सेप्स (ऑपरेशनचा चिमटा) मारायचे. त्या माराने हात स्थिर झाला.

ओटी सिस्टर, सावंतवाडी
काका, माफ करा, तीस वर्षं मी त्या टेबलाच्या पलीकडे उभी आहे. ज्या मुलाला नुकतं सगळ्यांसमोर घालूनपाडून बोललंय, त्याचा हात स्थिर नसतो. सुई मीच दोनदा परत लावून देते. आणि तो मुलगा शंका आली तरी त्या सरांना रात्री फोन करत नाही. पेशंटचं नुकसान होतं ते तिथे.

चिपळूणची, पूर्वी सर्जरीत
सिस्टर म्हणतात त्याला मोठा पुरावा आहे. 2019 मध्ये अमेरिकेतल्या सर्जरीच्या 7,409 रेसिडेन्टचं सर्वेक्षण छापून आलं. दर आठवड्याला पार गळून गेल्यासारखं वाटणारे 38.5 टक्के. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेले 4.5 टक्के. शिवीगाळ किंवा मारहाण सोसलेले सुमारे 30 टक्के, आणि ती करणाऱ्यांत सर्वांत पुढे त्यांचे वरिष्ठ सर्जनच. स्त्रियांमध्ये थकून जाण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त दिसलं. पण वाईट वागणुकीचा हिशेब धरल्यावर तो फरक उरलाच नाही. म्हणजे बायका नाजूक असतात म्हणून मोडतात असं नाही. त्यांच्या वाट्याला जे जास्त येतं, त्याने मोडतात.

हे वाचलं त्या दिवशी मी खूप वेळ वाशिष्ठीच्या पुलावर बसून होते. मी पहिल्या वर्षाच्या आठव्या महिन्यात सर्जरी सोडली. तोवर मला वाटायचं माझ्यातच काही कमी होतं. ड्युटीरूमला आतून कडी नव्हती, आणि ती लावून मागितली तेव्हा 'मग स्किन घ्यायचं होतं', म्हणजे सर्जरीऐवजी त्वचारोगाची शाखा, असं ऐकवलं गेलं. काका, फोर्सेप्स सोसून तुम्ही सर्जन झालात. जे सोसून निघून गेले, ते तुमच्या आठवणींत नाहीत, म्हणून तुम्हाला मार उपयोगी वाटतो.

दोडामार्गवालो
ताई, ह्या मी कधी ह्या बाजूने बघूकच नाय. आमचो एक सर्जन असो पण गेलो.

कुडाळचा सर्जन
ताई, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्यासारखी एक सर्जन आज चिपळुणात असती तर तिथून एक तरी गाडी मुंबईच्या रस्त्याला कमी लागली असती.

'मग शिकणार कसं' या काकांच्या प्रश्नाला एक उत्तर 2002 च्या येलच्या अभ्यासात आहे. फक्त सोळा रेसिडेन्ट होते, पण मांडणी चोख. अर्ध्यांना आधी सिम्युलेटरवर सराव दिला, मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णाचं पित्ताशय सोडवलं. सराव केलेल्यांचं काम 29 टक्के लवकर झालं. पित्ताशयाला इजा करण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता सराव न केलेल्यांत पाचपट. पेशंटवर शिकण्याआधी शिकण्याची जागा असू शकते, आणि तिला रात्रीचे तीन वाजावे लागत नाहीत. महागडं यंत्र नको. पुठ्ठ्याचा खोका, आत मोबाइलचा कॅमेरा, दोन जुनी लॅप्रोस्कोपीची हत्यारं. आमच्याकडच्या रेसिडेन्ट मुलाने मालवणहून जाळी विणायचा दोरा आणलाय आणि खोक्यात रोज वीस गाठी मारतो.

रत्नागिरीकर काका
रात्री झोप लागली नाही. ताईंचं शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्या बॅचला सर्जरीला नऊ जण लागले होते, पास होऊन बाहेर पडलो सहा. ते तिघे कुठे गेले, हे मी कधी विचारलं नाही. त्यांतल्या एकाचा फोन नंबर आज सकाळी शोधून काढला.

तासांवरचं माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. हातात केस असताना घड्याळ बघून निघून जाणारा सर्जन मला नको, हे मी शेवटपर्यंत म्हणेन. पण सोमवारी आमच्याकडे नवीन मुलगी येतेय, जिल्हा रेसिडेन्सीवर. रात्रीचा कॉल झाला की दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घरी पाठवेन. डॉक्टर, तुमचा तो टोरांटोचा गुणतक्ता मराठीत करून इथे टाकाल का? आणि ड्युटीरूमच्या दाराला कडी आहे का, ते आत्ता जाऊन बघतो.

ओटी सिस्टर, सावंतवाडी
काका, कडी आतून हवी. आणि बाथरूमलाही.