वय ५१, एक्सेलमध्ये खाते क्रमांकातले शून्य गायब होते. काय करू?

तालुक्याच्या पतसंस्थेत २६ वर्षं कारकून आहे. खतावणी तोंडपाठ. २००४ ला एमएस-सीआयटी केलं, प्रमाणपत्र भिंतीवर आहे, बाकी सगळं विसरले. आता खातेदारांची यादी एक्सेलमध्ये भरतेय. ००४१७ टाकलं की ४१७ होतं! शिवाय जुन्या मराठी नोटिसा नव्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. साहेब म्हणतात, "मुलाला विचारा." मुलगा पुण्यात, फोनवर चिडतो.

उत्तर १: ताई, एक्सेल त्याला संख्या समजतं. आधी रकाना निवडून फॉरमॅट 'टेक्स्ट' करा, मग भरा. आधीच गेलेले शून्य मात्र परत टाकावे लागतील.

उत्तर २: नोटिसा जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमधल्या असणार. तोच फाँट टाकला की दिसतील. कायमचं हवं तर कन्व्हर्टरने युनिकोड करा, पण जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. आमच्याकडे 'कर्ज'चं 'कज' झालं होतं. पुढचं टायपिंग इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर) शिका.

ताई: शून्य टिकले! ३१२ खाती पुन्हा भरतेय. साहेबांना अजून सांगितलं नाही, नाहीतर त्यांचंही काम माझ्याकडेच येईल.