मदत हवी आहे: पेंटॅक्स के१००० फिल्म कॅमेरा, १/१००० सेकंद शटर वेगावर फोटोची एक बाजू काळी

मंडळी, बडोद्यात कापडी पडद्यांचा शटर नीट जमवणारा कारागीर कुणाला माहीत आहे का? रावपुरा, मांडवीकडे चौकशी झाली, सगळे डिजिटलवालेच.

लक्षण असं: १/१००० वर फोटोची एक कड पूर्ण काळी, १/५०० वर थोडी, १/२५० पासून खाली सगळं ठीक. शटरचे दोन पडदे फिल्मसमोरून एकामागून एक धावतात, मधल्या फटीतून उजेड पडतो; म्हणजे इथे दुसरा पडदा पहिल्याला वाटेतच गाठतो आणि फट मिटते. कारण बहुधा घट्ट झालेलं जुनं वंगण. सफाई न करता नुसता स्प्रिंगचा ताण वाढवणं चूक ना? की पहिल्या पडद्याच्या स्प्रिंगला पाव फेरा देऊन बघावा? मागच्या झाकणाचा उजेड अडवणारा स्पंज डांबरासारखा चिकट झालाय, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघेल. आरशाजवळचा काढताना फोकसिंग स्क्रीनवर (व्ह्यूफाइंडरमधलं चित्र जिच्यावर उमटतं ती) थेंब पडू नये एवढंच. लाइट मीटर एसआर४४ बटण सेलवर बरोबर दाखवतो.

‘जुने कॅमेरे दणकट’ हे अर्धंच खरं. १९७६ चं हे मॉडेल सेलशिवायही शटर मारतं, उघडून दुरुस्तही होतं. पण वेगाच्या अचूकतेत आजचा इलेक्ट्रॉनिक शटर सरस. शटर टेस्टर (शटरचा वेग मोजायचं यंत्र) असलेलाच माणूस सुचवा, अहमदाबादचाही चालेल.